प्रॉक्सीची चिठ्ठी

बडोद्याच्या शाळांत शिक्षकांच्या मनःस्वास्थ्याचा विषय वर्षातून साधारण दोनदा निघतो. एकदा जूनमध्ये शाळा उघडण्याच्या तोंडावर आणि एकदा शिक्षकदिनाच्या आसपास. एखादा शनिवार ठरतो. सकाळची शाळा सुटली की सगळ्यांना हॉलमध्ये बसवतात, पाहुणे वक्ते येतात, दीर्घ श्वास घ्यायला लावतात, मोठ्याने हसायला लावतात आणि शेवटी सेव-उसळ, चहा. कार्यक्रम वाईट नसतो. फक्त शिक्षकांची शनिवारची दुपार काढून घेऊन त्यांना विश्रांतीचं महत्त्व समजावलं जातं, एवढी विसंगती कुणी बोलून दाखवत नाही. सोमवारी सव्वासातला सुपरवायझरच्या टेबलावरून शिपाई प्रॉक्सीच्या, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी कोणी वर्ग घ्यायचा त्याच्या, चिठ्ठ्या घेऊन निघतो आणि पहिल्याच दारात म्हणतो, "बेन, चौथो पीरियड सात-ब मां." शनिवारी घेतलेला दीर्घ श्वास तिथे संपतो.

कामाच्या जागी माणूस बरा कसा राहतो याविषयी मानसशास्त्राने गेल्या पन्नासेक वर्षांत जे शोधलं, त्यातला मोठा भाग शाळेपुरता दोन कागदांवर तपासता येतो. एक स्टाफरूमच्या भिंतीवरचं वेळापत्रक, दुसरं प्रॉक्सीचं रजिस्टर. भाषणं त्यानंतर. ज्या शहरात सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिक्षण आणि मानसशास्त्र यांची एकच विद्याशाखा आहे, तिथे तरी हे दोन कागद मानसशास्त्राचे म्हणून वाचायला हरकत नसावी.

आधी हिशेब मांडू. सोमवार ते शुक्रवार रोज आठ तास आणि शनिवारी पाच, म्हणजे आठवड्याचे ४५ तास. इथला तास ३५ मिनिटांचा. शिक्षकाकडे ३४ तास शिकवणं असेल तर ११ मोकळे उरतात, म्हणजे दिवसाला जेमतेम दोन. चाळीस शिक्षकांच्या शाळेत रोज तिघं गैरहजर असतात असं धरलं, तर त्यांचे मिळून सतरा तास भरून काढावे लागतात. उरलेल्या ३७ जणांकडे त्या दिवशी मोकळे तास असतात साधारण ६८. म्हणजे अगदी सामान्य दिवशीही सगळ्या शाळेच्या मोकळ्या वेळाचा चौथा हिस्सा प्रॉक्सीत जातो. आता निवडणुकीचं प्रशिक्षण लागलं आणि दहा जण बाहेर गेले, की भरायचे तास होतात ५७ आणि मोकळे उरतात ५५. गणितच जुळत नाही. त्या दिवशी शाळा चालते ती कुणाच्या तरी मधल्या सुट्टीवर.

सरासरी चौथा हिस्सा ऐकायला फार वाटत नाही. पण चिठ्ठी सरासरीने निघत नाही, ती हाताशी असलेल्याच्या नावाने निघते. नव्याने लागलेली, प्रोबेशनवरची, घरी लहान मूल नसलेली, कुरकुर न करणारी आणि स्टाफरूममध्ये दारासमोर बसणारी, अशांची नावं रजिस्टरमध्ये पुन्हा पुन्हा दिसतात. चित्रकला, संगीत आणि पी.टी.चे शिक्षक तर राखीव फौजच समजले जातात. "तुम्हाला काय, तास कमी," असं त्यांना तोंडावर सांगितलंही जातं. त्यामुळे एखाद्या शाळेत शिक्षक किती दमतात असा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. कोण दमतंय हे विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर सहा महिन्यांच्या रजिस्टरमध्ये नाव आणि तारखेसह लिहिलेलं असतं.

मोकळ्या तासाला एवढं महत्त्व का, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. बँकेतल्या माणसाला दिवसभर काम असतं, मग शिक्षकाला रोज सत्तर मिनिटं मोकळी कशाला? फिलिप जॅक्सन या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये प्राथमिक वर्गांचं निरीक्षण करून लिहिलं की एक शिक्षक दिवसाला हजारापर्यंत छोट्या-मोठ्या देवाणघेवाणी करतो: कुणाला उत्तर, कुणाला नजर, कुणाला पाणी प्यायची परवानगी, कुणाचं भांडण. यातल्या प्रत्येकीत एक छोटा निर्णय असतो आणि त्यातला एकही पुढे ढकलता येत नाही. काउंटरवरचा कारकून "पाच मिनिटं थांबा" म्हणू शकतो. ४५ मुलांसमोर ते म्हणता येत नाही. त्यावर भावनेचं ओझं वेगळं. समाजशास्त्रज्ञ आर्ली होक्शील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींचा अभ्यास करून दाखवलं की चेहऱ्यावर एक आणि मनात दुसरं ठेवण्याचं कामही मजुरीच असते, फक्त तिची नोंद कुठे होत नाही. सातवीतल्या मुलाने चारचौघांत उलट उत्तर दिलं आणि बाई शांत राहिल्या, तर ती शांतता त्यांनी खर्च करून आणलेली असते. पुढच्या तासाला तेवढीच पुन्हा आणायची, तर मध्ये काहीतरी जमा व्हायला हवं.

दुसरी गोष्ट नियंत्रणाची. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की नुसतं काम जास्त असल्याने माणूस मोडत नाही. काम जास्त आणि ते कसं, कधी करायचं यावर त्याचा हात नाही, ही जोडी मोडते. मोकळा तास म्हणजे शिक्षकाच्या दिवसातला असा एकमेव तुकडा, ज्यात काय करायचं ते तो ठरवतो. तो कधीही हिसकावला जाऊ शकतो एवढ्या कल्पनेनेच त्याचं मोल जातं. चिठ्ठी आली नाही त्या दिवशीही शिक्षिका तिसरा तास संपेपर्यंत वह्या उघडत नाही, कारण "कदाचित येईल". हा तोटा कोणत्याही रजिस्टरमध्ये दिसत नाही आणि बहुधा हाच सगळ्यात मोठा असतो.

म्हणून प्रॉक्सीचं रजिस्टर नीट आखण्यापासून सुरुवात करावी. तारीख, तास, गैरहजर कोण, बदली कोण, हे चार रकाने सगळीकडे असतात. त्यात तीन वाढवावेत. गैरहजेरीचं कारण, पण फक्त तीन प्रकारांत: स्वतःची रजा, शाळेचं काम, सरकारी काम. मग बदली घेणाऱ्याचा तो त्या दिवशीचा कितवा सलग तास आहे. आणि त्याची त्या महिन्यातली कितवी प्रॉक्सी. महिनाअखेर शेवटच्या रकान्याची बेरीज नावानिशी स्टाफरूमच्या बोर्डावर लावायची. कुणालाही काही बोलावं लागत नाही. दोघींच्या नावापुढे १४ आणि एका ज्येष्ठ सरांच्या नावापुढे २ हे आकडे शेजारी-शेजारी आले की पुढच्या महिन्यात वाटणी आपोआप सुधारते. फक्त हा तक्ता ट्रस्टींच्या फाइलमध्ये जाणार नाही आणि पगारवाढीशी जोडला जाणार नाही हे आधी सांगावं लागतं. नाहीतर पहिल्याच महिन्यात आकडे रंगवले जातात.

नियम तीन पुरेत. कुणालाही सलग चारहून जास्त तास नाहीत. आठवड्याला एकाला दोनच प्रॉक्सी. आणि प्रत्येकाच्या दिवसातला एक मोकळा तास राखलेला. वेळापत्रकात त्यावर चौकट करायची आणि काहीही झालं तरी त्याला हात लावायचा नाही. तिसरा नियम पाळायला सर्वांत कठीण, कारण सुपरवायझरला तो चैन वाटतो. कळीचा मात्र तोच आहे. नुसत्या सरासरीने दीड तास मोकळा असण्यापेक्षा एक तास पक्का असणं मनाला जास्त टेकू देतं.

रजा आधी ठरलेली असेल तर चिठ्ठी आदल्या दिवशी शाळा सुटण्यापूर्वी द्यावी. आजारपणाची गोष्ट वेगळी, पण लग्नाची रजा कुणी सकाळी सातला घेत नाही. शिवाय प्रत्येक वर्गासाठी एक फाइल ठेवावी, त्यात दहा तासांचं काम तयार: उतारा आणि प्रश्न, कोडी, नकाशा भरणं, शब्दखेळ. प्रॉक्सीचा तास जड जातो तो बरेचदा शिकवण्यामुळे नव्हे. हातात काही नसताना दुसऱ्याच्या वर्गाला ३५ मिनिटं गप्प ठेवायचं असतं, म्हणून. ही फाइल जूनमध्ये एकदा केली की दिवाळीपर्यंत पुरते. दिवाळीच्या एकवीस दिवसांच्या सुट्टीनंतर ती पुन्हा भरावी लागते आणि इथेच बहुतेक शाळा ढिल्या पडतात.

यातून एक साखळी तुटते, तिची कल्पना व्यवस्थापनाला नसते. माझ्या रजेमुळे शेजारणीचा तास जाणार हे माहीत असलं की शिक्षिका ताप अंगावर काढून येते. ती दिवसभर खुर्चीत बसून "पान ४२ वाचा" म्हणते, दोन दिवसांनी तिच्या टेबलाभोवतीच्या चौघी आजारी पडतात, आणि सतरा तासांच्या जागी चाळीसेक तास भरायची वेळ येते. हजेरीपट मात्र सुरेख दिसतो.

कारणांचा रकाना वेगळ्या कामाला येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) कलम २७ नुसार जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक एवढीच शिक्षणाबाहेरची कामं शिक्षकाला देता येतात. वर्षाचे आकडे हाताशी असले की प्रिन्सिपलला कचेरीत "आमचे शिक्षक नेहमी बाहेर असतात" असं मोघम बोलावं लागत नाही. कोणत्या महिन्यात किती तास कशासाठी गेले हे कागदावर मांडता येतं. त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ घड्याळी तास लिहिले आहेत आणि त्यात तयारीचा वेळ धरलेला आहे. तयारी हे काम आहे असं कायदा म्हणतो. बऱ्याच संस्था ती घरची बाब समजतात.

घरची बाब म्हटलं की वह्या. चार तुकड्या, प्रत्येकीत ४५ मुलं, म्हणजे १८० वह्या. एका वहीला दोन मिनिटं, तेही नुसती बरोबरची खूण आणि सही करून, तर एका फेरीला सहा घड्याळी तास. पस्तीस मिनिटांच्या मापात दहाहून जास्त मोकळे तास. आठवड्याला मिळतात अकरा, त्यातला चौथा हिस्सा प्रॉक्सीत गेलेला. दर आठवड्याला वह्या तपासा असा आदेश काढणाऱ्याने हा भागाकार एकदा केला तर वहीची पिशवी रोज संध्याकाळी स्कूटरला का लटकलेली असते ते कळेल. आणि घरी तपासलेल्या त्या वह्यांचा मुलांना उपयोग किती? लाल सहीने कुणाचं शुद्धलेखन सुधारत नाही.

यावर चालणारा उपाय असा. प्रत्येक तुकडीतल्या दहा वह्या दर आठवड्याला, क्रमाने, नीट वाचायच्या. पाच आठवड्यांत सगळ्यांची फेरी होते. त्या दहांत दिसलेल्या दोन-तीन सामाईक चुका पुढच्या तासाला फळ्यावर घ्यायच्या, आणि बाकी मुलांनी आपापली वही त्या तीन चुकांसाठी स्वतः तपासायची. दहा वह्यांना चार मिनिटं प्रत्येकी धरली तरी चार तुकड्यांची बेरीज १६० मिनिटं, म्हणजे पाचेक मोकळे तास. यात अडतं ते पालकसभेत. "बेन, वहीत तुमची सहीच नाही," असं कुणीतरी म्हणतं आणि प्रिन्सिपल लगेच शिक्षिकेकडे बघतात. पद्धत बदलायची तर ती पालकांना संस्थेने सांगायची, वर्गशिक्षिकेवर सोडायची नाही.

थकवा कधी आजारासारखा वागू लागतो हे ओळखायला मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक यांची तीन लक्षणं आजही सर्वांत उपयोगी आहेत. त्यांनी आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली: भावनिक रितेपण, माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेनेही आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात या थकव्याची, म्हणजे 'बर्नआउट'ची, नोंद घेतली, पण आजार म्हणून नाही. नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी गोष्ट म्हणून. हा भेद छोटा नाही. आजार असता तर औषध शिक्षिकेने घ्यायचं होतं.

शाळेत या तिघांपैकी दुसरं लक्षण आधी कानावर पडतं. स्टाफरूममध्ये मुलं नावाने यायची थांबतात. "ती शेवटच्या बाकावरची गँग", "आरटीईवाली", "आठ-ड म्हणजे आठ-ड". हे ऐकून सुपरवायझर संस्कारांवर बोलू लागतात आणि चुकतात, कारण कोरडेपणा हा बहुतेकदा रितेपणावर मनाने घातलेला पापुद्रा असतो. ज्या शिक्षिकेच्या तोंडी ही भाषा तीन महिन्यांत नव्याने आली, तिचं नाव प्रॉक्सीच्या तक्त्यात शोधावं. तास, वर्गशिक्षकपण, गॅदरिंगची जबाबदारी, सगळं एकाच नावावर पडलंय का ते पाहावं. एक तुकडी बदलून द्यावी किंवा एक जबाबदारी काढावी. समुपदेशन लागलंच तर त्यानंतर. तेव्हाही ते शाळेतल्याच समुपदेशकाकडे नको, कारण त्याच कॉरिडॉरमध्ये रोज भेटायचं असतं. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन बाहेरचा आहे, मोफत आहे, आणि तो स्टाफरूमच्या बोर्डावर लिहून ठेवायला काही लागत नाही.

आता सकारात्मक मानसशास्त्राविषयी, म्हणजे माणूस आनंदी, समाधानी कशाने राहतो याच्या अभ्यासाविषयी, कारण कार्यशाळांत त्याचाच गजर असतो. मार्टिन सेलिग्मन १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी या शाखेला नाव-रूप दिलं. शाळेच्या बाबतीत त्यांचा सर्वांत मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग ग्रामर स्कूलमध्ये झाला, आणि त्यातली सुरुवात आपल्याकडे कुणी सांगत नाही: जानेवारी २००८ मध्ये त्यांनी आधी शंभरेक शिक्षक-कर्मचाऱ्यांना नऊ दिवसांचं प्रशिक्षण दिलं, ते स्वतःच्या आयुष्यात वापरायला लावलं, आणि मग मुलांच्या वर्गात नेलं. आपल्याकडे क्रम उलटा. मुलांसाठी आनंदाचा तास वेळापत्रकात घुसतो आणि तो घ्यायला चिठ्ठी जाते ती सलग पाचवा तास असलेल्या शिक्षिकेला.

याच मंडळींचा 'तीन चांगल्या गोष्टी' हा छोटा सराव खरोखर तपासलेला आहे. रोज रात्री, एक आठवडा, त्या दिवशी नीट झालेल्या तीन गोष्टी आणि त्या का झाल्या हे लिहायचं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला, मुख्यतः ज्यांनी तो आपणहून चालू ठेवला त्यांच्यात. 'का' हा भाग गाळला तर उरते ती यादी. आणि सक्ती केली तर तेही उरत नाही. आपल्याकडे कोणत्याही चांगल्या गोष्टीचं रजिस्टर होतं हा जुना रोग आहे: दैनिक नोंदपोथीत 'आजचे तीन सकारात्मक अनुभव' असा रकाना, खाली सुपरवायझरची सही. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचे तीन अनुभव सारखे होतात. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा कृतज्ञतेची नोंद करणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा करणाऱ्यांना तेवढा नाही. तेव्हा रोजचं नको. शनिवारच्या स्टाफ मीटिंगची शेवटची सात मिनिटं, दोन-दोघांच्या जोड्या, आठवड्यात वर्गात जमलेली एक गोष्ट आणि ती कशाने जमली. लिहायचं नाही, कुणी वर ऐकवायचं नाही.

जाता जाता एक आकडा. एका टीकेमागे तीन कौतुकं हवीत, असं गणित बऱ्याच स्लाइडवर असतं. त्यामागे २००५ मधला एक शोधनिबंध होता आणि त्यात हे प्रमाण चक्क २.९०१३ असं दिलं होतं. निक ब्राऊन, अॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की त्यामागचं गणितच निराधार आहे. तेव्हा प्रिन्सिपलनी कौतुकं मोजत बसू नये. एकच करावं, पण नेमकं. "छान चाललंय" यातून शिक्षिकेला काही कळत नाही. "अपूर्णांक शिकवताना तुम्ही आधी भाकरीचे तुकडे काढायला लावले आणि मागच्या बाकावरचा मुलगा पहिल्यांदा उठून आला" यातून कळतं की कुणीतरी पाहिलं.

चुकांचं प्रकरण मात्र कौतुकाहून महत्त्वाचं. अमेरिकन अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांचे गट अभ्यासले तेव्हा त्यांना चमत्कारिक गोष्ट दिसली: चांगल्या चालणाऱ्या गटांत औषधाच्या चुका जास्त नोंदलेल्या होत्या. चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. शाळेत हे निकालपत्रकाच्या वेळी तपासता येतं. बेरजेत चूक राहिली हे वर्गशिक्षिकेने स्वतः येऊन सांगितलं, की पालकाने दाखवून दिल्यावर कळलं? दुसरं होत असेल तर चूक सांगणाऱ्याला आधी मेमो मिळाला होता, हे समजून चालावं. उपाय साधा आहे. निकाल वाटण्याआधी दोन दिवस अदलाबदल तपासणी, सापडलेली प्रत्येक चूक विनानाव एका कागदावर, आणि मीटिंगमध्ये एकच प्रश्न: ही चूक कुठल्या टप्प्यावर शिरते? बहुतेकदा उत्तर निघतं की गुण रात्री अकरानंतर भरले गेले, कारण मुदत दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

याच विषयाला बडोद्यात एक खास पदर आहे, तो भाषेचा. एकाच स्टाफरूममध्ये गुजरातीत विचार करणाऱ्या, मराठीत कुजबुजणाऱ्या आणि हिंदीत थट्टा करणाऱ्या बायका-पुरुष असतात. परिपत्रक गुजरातीत येतं, आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर मीटिंग इंग्रजीत होते. दांडिया बाजारातल्या मराठी घरात वाढलेली, वीस वर्षं उत्तम गणित शिकवणारी बाई त्या मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. मग तिला सगळं मान्य आहे असं गृहीत धरलं जातं. मीटिंगच्या सुरुवातीला प्रिन्सिपलनी स्वतः पहिलं वाक्य गुजरातीत किंवा हिंदीत बोलावं, ज्याला जी भाषा येते तीत बोलू द्यावं, आणि निर्णय शेवटी दोन ओळींत फळ्यावर लिहावे. दोन-तीन मीटिंगांत आवाज वाढतात. 

शरीराचं थोडक्यात. दुसऱ्या मजल्यावर शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह नसेल तर त्या सकाळपासून पाणी कमी पितात. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, डोकेदुखी आणि बसलेला घसा हे सगळं ओळीने येतं. घसा बसल्यावर कुजबुजत शिकवणं म्हणजे विश्रांती नव्हे, त्याने स्वरतंतूंवर ताण वाढूही शकतो. कमरेला लावायचा छोटा माइक, खडखडणाऱ्या पंख्यांची दुरुस्ती आणि वर्गात पाण्याची बाटली, यावर होणारा खर्च एका कार्यशाळेच्या मानधनातून निघतो.

आणि व्हॉट्सअॅप. काम संपल्यावर मन कामापासून सुटणं ही सावरण्याची पहिली अट आहे, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ सबीने सोनेनटाग यांनी बरीच वर्षं अभ्यासून मांडलंय. रात्री साडेनऊला "उद्या सर्वांनी आधारची यादी आणावी" असा निरोप आला की ती अट मोडते, यादी दोन मिनिटांची असली तरी. गटात फक्त कार्यालयाने लिहायचं, दिवसातून एकदा, दुपारी दोनच्या आत. "ओके मॅडम"च्या चाळीस उत्तरांना बंदी. नवरात्रीच्या नऊ रात्री तर निरोप पूर्ण बंद ठेवावा आणि सकाळी पहिल्या तासाला चाचणी लावू नये. मुलंही गरब्याहून उशिरा आलेली असतात आणि बाईही.

पुराच्या दिवसांविषयी वेगळं लिहायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वडसर, समा, अकोटा, कारेलीबाग अशा भागांत शिरलं. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा मुलांना धीर कसा द्यायचा यावर सूचना निघतात, पण वर्गात उभी राहणारी शिक्षिका स्वतः आदल्या रात्रीपर्यंत घरातला गाळ काढत असू शकते. त्याच वर्षी जानेवारीत हरणी तलावात बोट उलटली आणि सहलीला गेलेली बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर सहल हा शब्द काढताना साऱ्या शहरातल्या शिक्षकांचा आवाज बदलला असेल तर नवल नाही. अशा वेळी पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवून काय झालं ते बोलायला लावू नये. जागतिक आरोग्य संघटनाच अशा सक्तीच्या कथनाविरुद्ध सल्ला देते. तिची २०११ मधली मार्गदर्शिका तीन गोष्टी सांगते: पाहा, ऐका, जोडा. शाळेत याचा अर्थ असा की पहिल्या दिवशी प्रिन्सिपलनी प्रत्येकाला वेगळं, दोन मिनिटं विचारावं: घरी पाणी शिरलं का, आज काय लागेल. गॅस, कपडे, विम्याचे कागद, बँकेतून रक्कम, मुलाला सांभाळणारं कुणी. ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांना आठवडाभर अर्धाच दिवस, त्यांची प्रॉक्सी सुक्या भागात राहणाऱ्यांनी वाटून घ्यायची. बोलायचं असेल तो बोलेल. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, वर्गात अचानक रडू येत असेल, पावसाचा आवाज सहन होत नसेल, तर डॉक्टरकडे जोडून द्यायचं.

पगार वेळेवर होत नसेल तर यातलं काहीही चालणार नाही. त्यावर जास्त लिहायची गरज नाही.

ट्रस्टींचा प्रश्न मात्र योग्य असतो: राखलेला तास द्यायचा तर माणसं कुठून आणायची? चाळीस शिक्षकांच्या शाळेला दोन राखीव शिक्षक पुरेत; दोघांचे मिळून बारा तास रोजच्या सतरांतून वजा होतात आणि बाकी पाच कुणाच्या राखलेल्या तासाला हात न लावता सहज बसतात. फक्त या दोघांना प्रॉक्सीशिवाय स्वतःचं काहीतरी द्यावं, ग्रंथालयाचे तास किंवा अभ्यासात मागे राहिलेल्या मुलांचा एक छोटा गट. नुसती बदलीच करणारा माणूस वर्षभरात नोकरी सोडतो, कारण एकही वर्ग त्याला आपला म्हणत नाही. दोन पगार झेपत नसतील तर एक नेमावा आणि आठवड्याला दोन प्रॉक्सींची मर्यादा तीनवर न्यावी, पण चौकट पुसू नये.

बदल जूनमध्ये सुरू करू नये; तेव्हा प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप आणि नवी तुकडी यांत कुणाचं लक्ष नसतं. दिवाळीनंतरचं दुसरं सत्र बरं. पहिले दोन आठवडे नियम न लावता नुसते रकाने भरावेत, तिसऱ्या सोमवारी तक्ता लावावा, चौथ्यापासून चौकटी. पहिली कसोटी लग्नसराईत येते, कारण तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त निघतात आणि रजेचे अर्ज एकाच आठवड्यात पडतात. तेव्हा सुपरवायझरचा हात चौकटीकडे जाणारच. त्याऐवजी दोन वर्ग एकत्र करून दोन मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली मैदानावर किंवा ग्रंथालयात द्यावेत, तशी चिठ्ठी मुलांबरोबर घरी पाठवावी, आणि "आज सहाव्या तासाला काही शिकवलं नाही का?" असं विचारणारा पालकांचा फोन आला तर तो प्रिन्सिपलनी स्वतः घ्यावा.